लाल दोऱ्याची कणसं

आमच्या एव्हरशाईन सिटीतल्या इमारतीत मला 'तांदूळवाल्या मॅडम' म्हणतात. कुणाच्या डब्यात पोरकिडे झाले, कुणाचा भात चिकट झाला, की माझ्या दाराची बेल वाजते. मी त्यातली नव्हे, हे सांगून सांगून थकले. अठ्ठावीस वर्षं मी एका प्रयोगशाळेत तांत्रिक सहायक होते आणि माझं काम होतं भाताचे कोवळे दाणे गोठवून खलबत्त्यात कुटणं. हे ऐकलं की तिसऱ्या मजल्यावरच्या कुलकर्णीबाई विचारतात, "म्हणजे पीठच की हो?" हो, पीठच. फक्त शून्याखाली एकशे शहाण्णव अंशांवर केलेलं, आणि ज्याची भाकरी कधी होत नाही असं.

दिवाळी अंकासाठी अनुभव लिहा म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर ते पीठ आलं नाही. चांदीप गावातलं एक दार आलं, आणि त्या दारात उभी राहून मी काढलेला आवाज आला. तेच लिहिते. एकदाचं सांगून टाकलेलं बरं.

पण आधी धंदा समजावून सांगायला हवा. बी तयार होत असताना त्याच्या पेशींमध्ये सतत चिठ्ठ्या फिरत असतात. डीएनए हे मोठं बाड, ते जागचं हलत नाही. त्यातून हवं तेवढं उतरवून घेतात, त्या चिठ्ठ्या म्हणजे आरएनए. काही चिठ्ठ्यांवर कृती असते, अमुक प्रथिन असं कर म्हणून. पण बऱ्याच चिठ्ठ्यांवर कसलीच कृती नसते. त्यांना म्हणतात नॉन-कोडिंग आरएनए, आणि पूर्वी भले भले लोकही त्यांना अडगळ समजायचे. प्रयोगशाळेचे आमचे सर एक उदाहरण द्यायचे. लग्नघरात एक आत्या असते. ती स्वतः काही रांधत नाही, पण 'भात आत्ताच लावू नका, वरात यायचीय', 'तेवढा गॅस बंद करा' असं म्हणत फिरत असते. आचाऱ्याला ती नकोशी वाटते. ती नसली की मात्र पंगतीला भात गार आणि वरण करपलेलं. बियाण्यातल्या या बिनकृतीच्या चिठ्ठ्या म्हणजे ती आत्या. त्यातल्या काही तर दुसऱ्याच्या हातातली चिठ्ठी सरळ फाडून टाकतात. दाणा किती भरायचा, कधी थांबायचं, आणि भरून झाल्यावर किती दिवस निजून राहायचं, यात त्यांचा हात असतो.

ही सगळी चिठ्ठीचपाटी फार नाजूक. नुसता हात लागला तरी घामातले पाचक रस तिचा फडशा पाडतात. कणीस कापल्याबरोबर झाड 'मला कापलं' अशा नव्याच चिठ्ठ्या लिहायला लागतं, म्हणून कापल्याच्या क्षणी दाणे द्रव नायट्रोजनमध्ये बुडवायचे. आणि दाण्याचं वय बिनचूक माहीत हवं. सातव्या दिवशीच्या चिठ्ठ्या वेगळ्या, चौदाव्याच्या वेगळ्या. भाताचं फूल सकाळी उघडतं आणि तास-दोन तासांत मिटतं. त्या वेळी चिखलात उभं राहून प्रत्येक फुललेल्या कणसाला खूण बांधायची आणि तिथून दिवस मोजायचे. कागदी चिठ्ठ्या पावसात विरघळतात म्हणून मी लोकरीचा दोरा बांधायची. सात दिवसांसाठी पांढरा, चौदासाठी लाल, एकवीससाठी निळा. या रंगसंगतीचा मला कोण अभिमान होता!

चांदीपला मी गेले यमुनाबाईंच्या भातासाठी. यमुनाबाई पंचावन्नच्या घरातल्या, नवऱ्याच्या माघारी एकट्यानं शेती करणाऱ्या. त्यांच्या सासरी एक जुनं भात राखलेलं होतं. त्याला त्या 'निजरं' म्हणायच्या. परतीच्या पावसात पिकलेलं भात आडवं होऊन पाण्यात पडलं की चार दिवसांत कणसावरच कोंब फुटतात आणि पीक जातं. यमुनाबाईंच्या शेजाऱ्यांचं तसं गेलेलं मी आदल्या वर्षी स्वतः पाहिलं. बांधाच्या अलीकडे निजरं तेवढेच दिवस पाण्यात पडलं होतं आणि त्याला एक कोंब नव्हता.

"झोपलंय ते," यमुनाबाई म्हणाल्या. "उठायची येल झाल्याबिगर उठत नाय. आमच्या सासूसारखं."

त्याला निजवून ठेवणारी आत्या कोण, हे आम्हाला शोधायचं होतं. ती हुकूम देते मधल्या काळात, दाण्यात चीक घट्ट व्हायला लागतो तेव्हा. म्हणजे सगळी मदार चौदा दिवसांच्या नमुन्यावर. आणि हंगाम एकच होता. यमुनाबाईंच्या दिरांनी जमिनीचा व्यवहार ठरवला होता. कामणकडची गोदामं सरकत सरकत इकडे येत होती, पुढच्या वर्षी या खाचरात मातीचा भराव पडणार हे सगळ्या गावाला माहीत होतं. हे भात दुसऱ्या कुणाकडे राहिलेलं नव्हतं. सर निघताना म्हणाले होते, "सावंत मॅडम, हे एकदाच मिळणार आहे. चुकायचं नाही." मला कुणी 'चुकायचं नाही' म्हटलं की राग यायचा, कारण मी चुकत नाही असा माझा समज होता.

पितृपक्षातल्या एका सकाळी शेत फुलावर आलं आणि मी दोरे बांधले. पांढरे, लाल, निळे, प्रत्येकी चाळीस. यमुनाबाई बांधावर उभ्या राहून बघत होत्या. लाल दोरे बांधताना त्या हसल्या आणि "बरं केलंत, बाय," एवढंच म्हणाल्या. मला वाटलं, कामाचं कौतुक आहे. सातव्या दिवशी पांढऱ्या दोऱ्याची कणसं घेतली, काम चोख झालं.

चौदावा दिवस नेमका दसऱ्याला आला. प्रयोगशाळेला सुट्टी, जीप नाही, ड्रायव्हर गावाला. मी आदल्या दिवशीच नायट्रोजनचा कॅन घरी आणून गॅलरीत ठेवला होता. त्याच्या तोंडातून सारखी पांढरी वाफ निघते आणि बूच घट्ट लावलं तर तो फुटतो, त्यामुळे सोसायटीचा वॉचमन दोनदा येऊन विचारून गेला की आग तर नाही ना. सकाळी झेंडूच्या माळा घातलेली एक रिक्षा मिळाली. रिक्षावाला वाफेकडे बघत म्हणाला, "मॅडम, ये फटेगा तो नहीं? आजच पूजा केलीय गाडीची." मी म्हटलं, "तू खड्डे चुकव, तो फुटणार नाही." महामार्ग ओलांडून आत वळेपर्यंत मी तो कॅन दोन्ही पायांत धरून बसले होते आणि दर दहा मिनिटांनी काठी घालून पातळी मोजत होते. ऊन चढत होतं. नायट्रोजन उडत होता. चांदीपला पोचले तेव्हा निम्मा उरला होता, पण चाळीस कणसांना पुरला असता.

शेतात उतरले आणि लाल दोरा दिसेना. आधी वाटलं, चुकीच्या बांधावरून आले. निळे दोरे जागच्या जागी होते. लाल एकही नाही. मग पायाशी बघितलं तर ताजी कापलेली देठं. एक, दोन, पाच... मी मोजत सुटले. चाळीसच्या चाळीस.

तशीच चिखलाच्या पायांनी मी यमुनाबाईंच्या घरी गेले. दारावर तोरण होतं. आंब्याची पानं, झेंडू, आणि मध्ये माझी हिरवी कणसं, लाल दोऱ्यासकट. पंपाला एक जुडी, मोटारसायकलला एक, तुळशीला एक, शेजारच्या तीन दारांवर तीन. यमुनाबाई नवं लुगडं नेसून दारात उभ्या होत्या. मला बघून त्यांचा चेहरा फुलला.

"आलात, बाय! बघा, तुम्ही राखलेलं नवं बांधलं. सगल्या भावकीला दिलं. अजून हिरवं हाय, पन दोरा तुम्हीच बांधलात ना?"

त्या घराची रीत अशी की दसऱ्याला दारावर बांधायचं नवं कणीस आधी निवडून त्याला लाल दोरा बांधायचा, म्हणजे ते दुसरं कुणी कापत नाही. एरवी घरातली मोठी बाई घटस्थापनेला बांधते. मी पितृपक्षातच बांधले, तेव्हा त्यांना वाटलं होतं, शहरातल्या बाईला घाई, पण भाव चांगला. आणि मी कोण? मालवणकडची सावंत! आमच्याकडेही दसऱ्याला नवं बांधतात. लहानपणी मी स्वतः बांधलंय. पण डोक्यात सारखे चौदा, एकवीस फिरत असले की डोळ्यांसमोरचं दिसत नाही. कळतं पण वळत नाही, त्यातली गत.

हे आज लिहिते आहे. तेव्हा मी काय केलं? सणाच्या दिवशी, नव्या लुगड्यातल्या बाईवर, तिच्याच दारात, शेजारपाजारच्या देखत ओरडले. "काय केलंत हे? माझं वर्षाचं काम कापलंत तुम्ही! विचारायचं तरी एकदा! आता मी काय दाखवू तिथे, हे तोरण?"

त्या दचकल्या. मग दोन पावलं पुढे येऊन म्हणाल्या, "अवं बाय, पन बाजूची कनसं हायेत ना, त्यातली मी तुम्हाला..."

"तुम्ही आता काही बोलू नका!" मी म्हटलं.

सरांना फोन लावला. सर म्हणाले, "निळ्यांना हात लावू नका, एकविसालाही पुरी चाळीस लागतात. आजूबाजूची चाळीस घ्या. दिसायला तशीच घ्या. या."

"सर, त्यांचं वय कुणाला माहीत? कुणी अकराचं असेल, कुणी सतराचं. 'चौदाच्या आसपास' लिहू?"

"आसपास असा रकाना नाही. चौदा लिहा."

"मग नाही आणत," मी म्हटलं आणि फोन ठेवला. सरांना असं मी पहिल्यांदाच बोलले. कॅन तसाच उचलला, रिक्षात बसले, आणि घरी येऊन वहीत लिहिलं: 'चौदा दिवस, नमुना नाही.' खरं लिहिल्याचा अभिमान मला पुढे बरेच दिवस पुरला. त्या अभिमानाखाली दुसरं काय झाकलं होतं, ते नंतर कळलं.

आठवड्यानं निळ्या दोऱ्याची कणसं घ्यायला गेले. बांधावर पाण्याचा तांब्या झाकून ठेवलेला होता. यमुनाबाई दिसल्या नाहीत. मी पाणी प्यायले, तांब्या तिथेच ठेवला आणि परत आले.

सुरुवात हाती होती, शेवट हाती होता, मधलंच नव्हतं. सरांचा राग निवळल्यावर ठरलं की यमुनाबाईंकडून बियाणं आणायचं आणि पुढच्या पावसाळ्यात आमच्याच जाळीघरात कुंड्यांमध्ये लावायचं. साधं काम. मी म्हटलं, आणते. आणि गेले नाही. कापणी झाली, झोडणी झाली, संक्रांत गेली, होळी गेली. दर महिन्याला काहीतरी कारण निघायचं. खरं कारण एकच, त्या दारात कुठल्या तोंडानं उभी राहू? सरांना मी सांगत राहिले, "आणते, सर, कुठे पळून जातंय?"

मे महिन्याच्या शेवटी गेले. खाचराच्या जागी लाल मातीचा भराव होता आणि त्यावर रोलर फिरत होता. यमुनाबाईंनी पाट टाकला, पाणी दिलं. मी बियाण्याचं विचारलं.

"नाय वो," त्या म्हणाल्या. "सगलं गिरनीत दिलं. जमीनच नाय तर बेनं कशाला ठेवायचं? तुमची वाट बघितली मी होलीपत्तर. तुम्ही काय आला नाय. म्हटलं, रागावल्यात बाय, त्यांना आता नको."

लोकांनी किती पावसांतून राखलेलं बियाणं, आणि ते गेलं माझ्या मिजाशीपायी. दसऱ्याला त्यांनी कापलं ते चाळीस कणसांचं नुकसान होतं. मी केलं ते सगळ्याचं. मी तसं म्हटलंही. "यमुनाबाई, चूक माझी. त्या दिवशीचीही आणि नंतरचीही." त्या उठल्या, आतून खुर्ची आणली, दारात ठेवली आणि वर चढल्या.

तोरण अजून तिथेच होतं. नवं तोरण येईपर्यंत जुनं काढायचं नाही अशी रीत, आणि नवं आता येणारच नव्हतं. पानं काळी पडली होती, झेंडूचा भुगा झाला होता, चिमण्यांनी बरंचसं खाल्लं होतं. यमुनाबाईंनी ते खिळ्यावरून सोडवलं आणि माझ्या ओंजळीत दिलं.

"दार रिकामं ठेवू नये म्हनतात," मी म्हटलं. माझ्या तोंडून त्यांचीच भाषा गेली.

"दोरा तुम्ही बांधलेला," त्या म्हणाल्या. "तुमचंच हाय ते."

प्रयोगशाळेत आणून दाणे मोजले. एकतीस. चौदाव्या दिवशी कापलेले, म्हणजे कोंबाचा जीव आत तयार झालेला, पण शिदोरी अर्धीच. त्यावर आठ महिने उंबऱ्यावरचा वारा आणि दमट हवा. सरांनी भिंगातून बघितलं आणि मान हलवली. मी काचेच्या ताटलीत ओला टिपकागद अंथरून एकतीस दाणे मांडले. चांगलं बियाणं तिसऱ्या-चौथ्या दिवशी मोड दाखवतं. चौथ्या दिवशी काही नाही. पाचव्या दिवशी सहा दाण्यांवर बुरशी आली, ते चिमट्यानं उचलून फेकले. सहाव्या दिवशी आणखी नऊ. दाणा मेला आहे की निजलाय, हे बाहेरून सारखंच दिसतं. इतकी वर्षं हे काम करून मला ते सांगता येत नव्हतं. सातव्या दिवशी सर म्हणाले, "मॅडम, टाकून द्या आता." मी ताटलीवर माझं नाव आणि 'हात लावू नये' लिहिलं. आठव्या दिवशी आणखी पाच गेले. जेवण जात नव्हतं. घरी माझे यजमान म्हणाले, "कुणी आजारी आहे का?"

नवव्या दिवशी सकाळी ताटली उघडली, तर एका दाण्याच्या टोकाला टाचणीच्या टोकाएवढं पांढरं होतं. मी चष्मा पुसला. दुसऱ्यालाही होतं. दुपारपर्यंत चार झाले. बाकी सगळे गेले. मी खुर्चीत बसून रडले, तेही हातमोजे घालून, म्हणजे डोळेही पुसता येईनात.

ते चार दाणे चार कुंड्यांत मी वाढवले. सप्टेंबरअखेर ते फुलावर आले, फुटवे चांगले होते. या वेळी दोरा मी पिवळा घेतला. चौदाव्या दिवशीचा नमुना मिळणार होता आणि पुढच्या बियाण्याला पुरतील एवढी कणसंही उरणार होती. फक्त दसरा त्याच्या दोन दिवस आधी येत होता. मी सरांना म्हटलं, "मला दोन कणसं हवीत. नमुन्यातली नाहीत, माझी." सर म्हणाले, "वहीत काय लिहिणार?" मी म्हटलं, "नवं." त्यांनी सही केली.

दसऱ्याच्या सकाळी ओल्या फडक्यात गुंडाळून दोन कणसं घेऊन चांदीपला गेले. खाचराच्या जागी पत्र्याची उंच भिंत उभी होती. यमुनाबाईंच्या दारावर नुसता खिळा होता. मी फडकं उघडलं आणि म्हटलं, "चार दाणे उठले. त्यांचं हे."

त्यांनी कणीस हातात घेतलं. मग मधला एक दाणा नखानं दाबला, आलेला चीक बोटावर चोळला, जिभेला लावला.

"हे चवदाचं नाय," त्या म्हणाल्या. "बाराचं हाय."

माझ्या पर्समध्ये वही होती. ती काढायची गरज नव्हती. बाराच दिवस झाले होते.

"तुम्हाला कसं कळलं?"

"चीक सांगतो की. चवदाला तो बोटाला चिकटतो, बाराला वगलतो. जलमभर याच शेतात व्हते, बाय." त्यांनी कणसावरचं पाणी पदरानं टिपलं. "त्या दसऱ्याला तेच तर सांगत व्हते. दोरा बांधल्याला चवदा दिस झालेले, तेवढ्याच वयाची बाजूची कनसं मी काढून देते म्हनून. नखानं बघून. तुम्ही बोलूच दिलं नाय."

कॅनमध्ये नायट्रोजन होता, शेत उभं होतं, हातभर अंतरावर यमुनाबाई उभ्या होत्या. वीस मिनिटांचं काम होतं. निळ्या दोऱ्यांची कणसं त्या दिवशी चौदाचीच होती; त्यांच्यावर यमुनाबाईंची परीक्षा घेतली असती, तर वहीत लिहिण्याजोगा पुरावाही झाला असता. मी विचारलंच नाही.

यमुनाबाईंनी आतून तीच खुर्ची आणली आणि कमरेचा लाल दोरा सोडवून दातात धरला.

"आता गप धरा खुर्ची," त्या म्हणाल्या. "हलते ती."

मी खाली बसून दोन्ही हातांनी धरली.